समोरच्या काकूंचा डबा

मंगळवार, कांदिवली

अजून अंगाचा तिळपापड होतोय. सीमेवर गोळाबार सुरू झाला म्हणून दादाच्या फौजेतल्या दोस्ताची बायको, विमला, लेकीला घेऊन आमच्याकडे राहायला आलीये. आज समोरच्या काकू डबा घेऊन दारात. "यांचं जेवण मी देत जाईन गं. तुम्ही बौद्ध ना, तुमच्या हातचं चालतं का, विचारलंस त्यांना?"

स्वतःच्या दारावर 'जय जवान'चं स्टिकर आणि हातात हा असला डबा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात विमला पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "आंटी, आइए ना, हमारे साथ खाइए. रोटी मैं ही बना रही हूँ."

"नको, आज उपास आहे माझा," म्हणाल्या आणि डबा ठेवून सटकल्या.

काकू, तुमचा उपास सोमवारी असतो. अख्ख्या मजल्याला माहितीये.