चार नंबरची प्लेट

बुधवार, ७ जानेवारी

गेलेच! शकु आत्या दारात आडवी उभी होती, तरी गेले.

"बापूस जाऊन पाच दिस नाय झाले, नि ही चालली मासं मारायला!" — अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली. बाबांची मोठी बहीण, तिला कोण गप्प करणार? मी चप्पल घातली. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. जा म्हणाली नाही. जाऊ नको, असंही म्हणाली नाही.

मासे मारायला जात नाही मी. एम.एस्सी.चं सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे. नवीन औषध माणसाला द्यायच्या आधी माशांच्या पिल्लांवर बघतात, ते काम. बाबा वर्सोव्यात भेटेल त्याला सांगत सुटले होते — "आमची नमी औषध शोधते, मरोळच्या लॅबमध्ये."

घरी बसून तरी काय करू? रडू येत नाही. भेटायला येणारे आधी माझे डोळे बघतात. बघू देत!

गुरुवार, ८ जानेवारी

दोन दिवसांचं पिल्लू काचेसारखं असतं. मायक्रोस्कोपखाली ठेवलं की आत हृदय उडताना दिसतं. पाण्यात औषध घालायचं आणि ठोके मोजायचे.

एकूण चार प्लेट. पहिलीत नुसतं पाणी, पुढच्या तिन्हींत एकेक औषध. चार नंबरचं औषध म्हणजे आमच्या लॅबच्या भाविका मॅडमचं दोन वर्षांचं काम. एकेक प्लेट उबेच्या पेटीतून काढायची, मोजायची, लगेच परत आत ठेवायची, अशी पद्धत आहे. मी चारही एकदम काढून टेबलावर घेते. सारखं उठून पेटीपर्यंत गेलं की वाटेत कोणीतरी विचारतंच, "बरी आहेस ना?"

धम्मपाल माझ्याच कॉलेजचा, नाहूरहून येतो. शेजारच्या टेबलावर असतो. म्हणाला, "नमे, तुझ्या डोक्यावर एसी आहे की बर्फाचा कारखाना? कुल्फी ठेवली ना, तर संध्याकाळपर्यंत टिकेल." आणि जीभ चावली. कान लाल!

त्याला माहीत आहे. बाबांना बोटीवरून बर्फातच आणलं. खोल पाण्यात छातीत कळ आली. बंदर दीड दिवस लांब. मासळीच्याच बर्फात ठेवलं. दुसरं काय करणार होते ते लोक?

मी बाबांच्या छातीवर हात ठेवला होता. पुढचं लिहीत नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

चार नंबरमध्ये ठोके मंद आहेत. खूप मंद. मॅडमना सांगितलं. "परत मोज," म्हणाल्या.

शनिवार, १० जानेवारी

परत मोजले. मंदच!

सोमवार, १२ जानेवारी

मॅडमनी धम्मपालला मोजायला लावलं. त्याने मोजलेले ठोके अगदी ठीक निघाले. तो अर्ध्या तासात मोकळा होतो. भराभर! मला जेवायची सुट्टी होईपर्यंत लागतो वेळ. मी एकेकाकडे नीट बघते.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज इतका मऊ की मला आधीच राग आला.

"नमिता, तुझ्या घरी एवढं झालंय. पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये एवढंच म्हण, मोजताना लक्ष नव्हतं. कोणी काही बोलणार नाही तुला."

"लक्ष होतं, मॅडम."

"हे बघ, तुझे आकडे धरले तर औषध इथेच बंद करावं लागेल. दोन वर्षं पाण्यात. आणि तू ऐकणारच नसशील, तर तुझं ट्रेनिंग मला पुढे चालू ठेवता येणार नाही."

 मी मान खाली घातली नाही.

उद्या हेच औषध कुणाच्या बाबांनी घेतलं तर? बोटीवर, किनारा लांब असताना? लक्ष नव्हतं म्हणून सांगू?

मंगळवार, १३ जानेवारी

धम्मपाल म्हणतो, "यार, बोलून टाक ना 'सॉरी'. सहा महिने फुकट जातील. वाट लागेल तुझी."

लागू दे.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. आमच्याकडे यंदा सण नाही. मॅडमनी तिळगुळाचा डबा पुढे केला. नको म्हटलं. आणि गोड बोलायचंही नाही!

गुरुवार, १५ जानेवारी

आज मीच केबिनमध्ये गेले.  म्हटलं,

"प्लेटवरचे नंबर झाका. कुठल्या प्लेटमध्ये काय आहे ते धम्मपालला एकट्याला माहीत असू दे. मी मोजते. ठोक्यांवरून चार नंबर ओळखली तर तुम्ही मीटिंगमध्ये माझे आकडे दाखवायचे. नाही ओळखली तर मी उद्यापासून येत नाही."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण येणार की नाही ते मी ठरवणार, तू नाही."

घरी आले तर शकु आत्या ओट्यावरच. "मारलं काय गो आज?"

"आज नाही, आत्या. उद्या मारणार!"

तोंडात पान तसंच राहिलं तिच्या. आत आईच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू असेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

शुक्रवार, १६ जानेवारी

झालं मोजून. कागद चिकटवून नंबर झाकले होते. चारही प्लेट टेबलावर घेतल्या, ओळीने मोजत गेले. पहिली चांगली. दुसरी, तिसरी त्याहून जरा कमी. आणि शेवटची — एवढी मंद, की प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा येतो की नाही असं होत होतं. हीच चार नंबर. छातीवर हात ठेवून सांगेन. कागद उद्या काढणार.

आईने पान वाढताना विचारलं, "तुझी ती पिल्लं... मेली तं नाय ना?"

"नाही गं. मंद झालीत."

"मंगं बरं," म्हणाली आणि माझ्या पानात अजून भात वाढला.

शनिवार, १७ जानेवारी

कागद काढले. शेवटच्या प्लेटमध्ये नुसतं पाणी होतं.

चार नंबर मी सगळ्यात आधी मोजली होती. तीच चांगली निघालेली.

कागद काढायला चारही प्लेट सकाळीच टेबलावर घेतल्या होत्या; मॅडमनी शेवटच्या प्लेटच्या तळाला बोट लावलं. "अगं, गार पडलीये ही." वर एसीकडे बघितलं, मग माझ्याकडे. प्लेट उबेच्या पेटीत ठेवली. थोड्या वेळाने काढून मला बघायला लावली. सगळी हृदयं धावत होती. सगळी! आणि चार नंबर मी रोज शेवटी मोजायचे, तोवर ती एसीखाली गार.

तिथेच रडू फुटलं. सगळ्यांसमोर. धम्मपाल पाण्याची बाटली घेऊन उभा.

"एवढा वेळ एकेकाकडे बघत काय बसायचीस गं?" त्याने विचारलं.

नजर काढली की थांबेल, असं वाटायचं.

मॅडम म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर ये." येणार. मीटिंगमध्ये मीच उभी राहून सांगणार, चूक माझी.

पण लक्ष नव्हतं, असं म्हणणार नाही.