पेटीवरचा नवा रंग

रविवार, सांजच्याला

लई थकले आज. आजोबांची फौजेतली लोखंडी पेटी रिक्षातून एकटीनंच युद्धाच्या संग्रहालयात नेली. हात अजून दुखायलेत. तिथं घरोघरच्या फौजींच्या वस्तू दाखवायचा कार्यक्रम व्हता. पप्पांची वाळूजला कंपनीत ड्यूटी, म्हणून मी. चार माणसांत चांगली दिसावी म्हणून परवाच पप्पांनी पेटीला हिरवा रंग मारला. एकदम चकाचक.

तिथली ताई म्हणली, "अगं, फौजीच्या पेटीवर नाव असतं, यावरचं कुठंय?"

"रंगाखाली गेलं. फिकं झालतं, कोणाच्या ध्यानातच नाय आलं."

तिनं कपाळाला हात लावला. "आता पेटी कोणाची ते तूच सांग सगळ्यांना."

समोर शाळेची पोरं, माझ्याच वयाची. मी नववीतच शाळा सोडलेली. काय बोलू त्यांच्यापुढं? नुसतंच पेटीवर बोट फिरवत बसले, तर अक्षरं हाताला लागली. हिरव्याखाली अक्षरांचा जुना रंग जाड व्हता. मग चाचपत एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. एक पोरगी उठून आली, "मला पण बघू दे ना." मग सगळ्यांनीच हात लावून आजोबांचं नाव वाचलं.

घरी आले तर पप्पांनी विचारलं, "आवडला का रंग लोकांना?"

"व्हय. सगळ्यांनी हात लावून बघितला."

पप्पा दचकले. "वला राहिला व्हता काय?"

"नाय पप्पा, वाळला व्हता."

त्यांच्याच बापाचं नाव झाकलं गेलं, हे सांगू का? त्यांच्या नखांत अजून हिरवा रंग हाय. आज नाय सांगवत.