समोरासमोरची दोन दारं

प्रिय क्वेतामावशी,

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मी झोपले आणि पाणी जिना चढलं तर आनेझ्काला कोण उचलणार, हीच भीती. पोरगी मात्र वरच्या दिवाणखान्यात पावाच्या टोपलीत गाढ झोपलीय, छतावरच्या रंगवलेल्या देवांखाली.

तू पाय मोडून दवाखान्यात, आणि इकडं लाबे नदी आपल्या महालात. सोमवारी आमचं काठावरचं घर खिडकीपर्यंत बुडलं, म्हणून पोरीला घेऊन इथं आले. श्टेपान माळी खालच्या दालनाच्या दारांना वाळूची पोती लावत होता. मला तुझं बोलणं आठवलं. मी कामावर नवी होते, तिथली फरशी पुसत होते, आणि तू म्हणालीस, "पुसतेस का गोंजारतेस गं तिला? उताराकडं ओढ." तेव्हा कळलं, फरशीला नदीकडं उतार आहे. लाकूड कुठंच नाही, भिंतींना नुसते शिंपले. एक दार नदीच्या वरच्या अंगाला, दुसरं खालच्या, अगदी समोरासमोर. तीनशे वर्षांमागं बांधणाऱ्याला ठाऊक होतं, ही शेजारीण कधीतरी घरात येणारच. तू म्हणालीस, "येऊ दिलंस तर ती जाते. दार लावलंस तर भिंत घेऊन जाते."

मी पोती ओढायला लागले. श्टेपान म्हणाला, आता फरशी पुसणारी आम्हाला महाल शिकवणार. मी म्हटलं, क्वेतामावशीनं सांगितलंय. मग त्यानंच दुसऱ्या दाराची कडी काढली. चुकले असते तर वर पोरगी होती. पाणी एका दारानं आलं, दुसऱ्यानं गेलं. शेजारच्या गोदामाची दारं बंद होती, त्याची भिंत काल गेली. आपली उभी आहे.

आज सकाळी पाणी जिन्यावरच्या १८४५च्या पुराच्या खुणेखाली दोन बोटं थांबलंय. तुझ्यामुळं आम्ही आहोत, मावशी.

तुझीच,
राद्का

हे लिहिलं आणि जवानांची बोट आली. एकच जागा आहे. श्टेपान तापानं बरळतोय, त्यालाच नेतायत तुझ्या दवाखान्यात. पत्र त्याच्या खिशात घालते. मावशीला आता वाचण्याइतकं दिसत नाही, म्हणजे दवाखान्यातले तुम्ही कुणीतरी तिला हे वाचून दाखवताय. माझा भाऊ लुबोश आज दुपारी मासेमारीच्या होडीतून आमच्या घरी मला न्यायला निघणार आहे. रविवारी फोनवर तसं ठरलं, मीच त्याला तोवर घरात थांबते म्हणाले होते, मग फोन भिजला. धार फार आहे, होडी टिकायची नाही. नंबर मागं लिहिलाय. त्याला आधी फोन करा. म्हणावं, राद्का आणि पोरगी महालात वर आहेत, तू पाण्यात उतरू नकोस.