पुन्हा नोंदू नका

प्रिय मिरी,

मंगळवार, ४ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. त्या मिनिटाला तुझ्या कंपनीच्या डेटाबेसने तुझ्या मावशीला तोंडघशी पाडलं. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोन दिवस मी रक्तपेढीत बसते, हे तुला ठाऊक आहेच. दुर्मीळ गटाची एकुलती एक पिशवी आली, मी नोंदली, आणि पडद्यावर आलं: ‘काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ केला. पुन्हा तेच. पुन्हा केला. खरं तर पहिलीच नोंद नीट झाली होती. फक्त पिशवीवर लावायची चिठ्ठी छापली गेली नव्हती. यंत्राने दर खेपेला नवा क्रमांक दिला. फ्रिजमध्ये पिशवी एक, पडद्यावर तीन. त्या तीन पिशव्यांच्या भरवशावर वरच्या मजल्यावर एका बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. भूल द्यायच्या आधी मी सवयीने फ्रिज उघडला म्हणून निभावलं. दुसरीकडून रक्त आणलं, मग ऑपरेशन झालं. बाई बरी आहे. मी नाही.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर उत्तरात ‘काहीतरी’ दिसलं की अख्खं पान खोडायच्या. अगं, गेल्या महिन्यापर्यंत याच जागी तुझी वाक्यं यायची: ‘पिशवी नोंदली आहे. फक्त चिठ्ठी छापलेली नाही. पुन्हा नोंदू नका. प्रिंटरमध्ये कागद आहे का ते पाहा.’ आमची नवी, रडवेली नर्ससुद्धा ते वाचून मुकाट कागद घालायची. ती वाक्यं लिहिण्याआधी तू आठवडाभर आमच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होतीस, घाईत आमची बोटं कुठे अडखळतात ते बघत. एकदा विचारलंस, मावशी, घाबरलेल्या माणसाला आधी काय कळायला हवं? मी फणकाऱ्याने म्हटलं, काय शाबूत आहे ते आधी सांग, बाकी मग. तू तेच केलंस, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत. तुझ्या एकाही वाक्यात खोटं नाही, आणि एकातही कुणाला मूर्ख ठरवलेलं नाही. हे दुसरं मला जन्मात जमलं नाही.

तुझ्या साहेबांना फोन लावला. म्हणाले, मॅडम, लांब मजकूर हल्ली कोणी वाचत नाही. म्हटलं, अहो, रक्त आहे की नाही हे वाचायला लोक धावत चष्मा शोधतात. मग ते सहज बोलून गेले की वाक्यं काढली तेव्हा तू हरकतच घेतली नाहीस. तू! पाहुण्यांसमोर आईच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगणारी!

काल तुझ्या आईकडून कळलं. आपलं काम कुणाला नकोच आहे म्हणतेस, आणि शुक्रवारी जाहिरात विभागातल्या बदलीवर सही करणार आहेस. म्हणून हे पत्र. घडला प्रकार आमच्या डॉक्टरांनी सहीनिशी लिहून दिलाय, तो सोबत आहे. साहेबांच्या टेबलावर ठेव आणि तुझी वाक्यं परत माग. मला लेखी उत्तर गुरुवार, १३ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत हवं. फोन नको, फोनवर तू ‘बघू’ म्हणतेस. आणि ‘काहीतरी बिनसलंय’ असं लिहिलंस तर पान खोडून परत पाठवीन. काय झालं, काय अजून शाबूत आहे आणि आता तू काय करणार, एवढंच लिही.

तुझीच,
मावशी