माफीपत्रातली एक ओळ

मी, जेथ्रो हॅवरस्टिक, वय सदुसष्ट, धंदा पिपे बांधणे, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो की, माझी मान वाचवण्याचा खरा खर्च असा झाला: शेजाऱ्यांच्या एकतीस सह्या, दिवंगत पत्नी लिडिया हिच्या बुटांचे झिजलेले तळ आणि एक खोटे.

व्हिस्कीवरील कराच्या दंग्यात मला देशद्रोहाबद्दल फाशी ठोठावली व राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, हे सर्वांस ठाऊक आहे. न्यायालयातील माझ्या तडाखेबंद भाषणाने ती मिळाली, असे मी गुत्त्यात चोवीस वर्षे सांगत आलो.

१. घर, कारखाना व हत्यारे माझी विधवा सून टॅबिथा हिला. पिपांचे निम्मे काम आज तीच करते.

२. पुतण्या सायलस यास, उमेदवारीत मी बांधलेले पहिले पीप. ते गळते. मंगळवारी तो टॅबिथासमोर म्हणाला, "काका, पेटीतलं माफीपत्र वाचलं मी. 'जन्मतः मंदबुद्धी' म्हणून सोडलंय तुम्हाला! वेड्याचं मृत्युपत्र कोर्टात टिकतं होय? मग वारस मीच."

तो गेल्यावर टॅबिथा म्हणाली, "मामंजी, चुलीत घाला तो कागद."

"अगं, कागद गेला की दोर परत माझ्या गळ्यात!"

"मग कोर्टात खरं सांगून टाका."

"म्हणजे माफी फसवून घेतली असं होईल. दोर आहेच."

"आणि गप्प बसलात तर मी रस्त्यावर. बघा बाई, कसं करता ते."

३. म्हणून हे पाकीट मी मेल्यावरच फोडावे, आधी फोडल्यास माझा जीव जाईल. मेलेल्यास फाशी देता येत नाही. एवढी युक्ती मंदबुद्धीस सुचत नसते, हे न्यायाधीशांनी ध्यानात घ्यावे.

४. शपथेवर सांगतो, मंदबुद्धीची ती ओळ लिडियाने दारोदार हिंडून सह्या घेतलेल्या माफीच्या अर्जातली. खटल्याच्या आदल्या दिवशी ती गजांपलीकडून म्हणाली, "अहो, तोंड उघडलंत की शहाणपण बाहेर सांडतं तुमचं. काहीही विचारू देत, छताकडे बघा." पुरावा म्हणून न्यायालयाच्या नोंदीची नक्कल सोबत जोडली आहे.

साक्षीदार, मजकूर न वाचता, माझी शुद्ध तपासून: डॉ. एनॉक पार्डो (यांनी सतराचा पाढा विचारला, मी एकोणतिसाचाही म्हटला). अ‍ॅबनर क्लाइन, गिरणीवाले.

सही: जेथ्रो हॅवरस्टिक
क्लाइन्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया, ९ मार्च १८१९

सोबत, नोंदीची नक्कल: "आरोपीस काही सांगायचे आहे काय, असे तीनदा विचारले. आरोपी एक शब्दही बोलला नाही."