दोऱ्याचा चष्मा

१४ जून १९९८, रविवार
चष्मा आला. नंबर पाव. दुकानदार म्हणाला, "नाही लावला तरी चालेल." म्हटलं, लावणारच. बारीक सोनेरी फ्रेम. आरशासमोरून हलवेना. बायको म्हणाली, "झालं, आता घरात पण साहेब."

१६ जून
ऑफिसात फरक पडला. खिडकीवरची माणसं परवापर्यंत "ओ पावणं" म्हणायची. आज, "साहेब, एवढं बघा की." कारकून तोच, खुर्ची तीच.

५ जुलै
गुरुवारी बावड्यात आमच्या बुद्धविहारात वर्षावास सुरू. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, आणि वाचायला दरवर्षी आमचे वडील, आबाच. यंदा मी हौसेने ऑफिसच्या मोठ्या साहेबांना बोलावून बसलोय. आणि आबांचा तो चष्मा! उजवी काडी कारखान्यात हमालीला होते तेव्हाच मोडलेली, तिथं काळा दोरा, कानाला गुंडाळलेला. म्हटलं, "आबा, हा लावून चारचौघांत बसू नका. माझी शोभा होते."
त्यांनी काढला, धोतराला पुसला, खिशात ठेवला. आईने माझ्याकडे बघितलं फक्त.

७ जुलै
महाद्वार रोडवरून आबांना माझ्यासारखीच सोनेरी फ्रेम. त्यांना तपासायला न्यायला सवड नव्हती. जुना चष्मा नेला असता तरी नंबर कळला असता, तोही मागितला नाही. "साठीच्या पुढचे आहेत, त्या अंदाजाने द्या," म्हटलं, घेतला.

९ जुलै
आबा काय रुबाबदार दिसत होते! वाचनही खणखणीत. फोटो काढले. साहेबांनी विचारलं, "वडील प्राध्यापक होते का?" मी नुसता हसलो. हमाल होते, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं.

२३ ऑगस्ट
नको ते झालं. वाचन रंगात आलेलं. शेजारच्या पारूआक्का म्हणाल्या, "आबा, ती वळ परत वाचा की."
आबा थांबले. पान मागं, पुढं. बोट कागदावर फिरतंय, ओळ सापडत नाही. मी शेजारीच होतो, वाकून बघितलं. उघडं पान भलत्याच प्रकरणाचं. दीड महिना आबा पाठ म्हणत होते, मधेच तोडल्यावर धागा सुटला. पानं नुसती उलटायची.
ग्रंथ मिटून त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिला आणि उठले.
घरी म्हटलं, "दिसत नव्हतं तर सांगायचं की."
"तू हौसंनं आणलावतास न्हवं."

२४ ऑगस्ट
डोळे तपासायला चला म्हटलं. "नगं."
मग जुना तरी लावा.
"चारचौघांत?"
माझाच शब्द.

५ ऑक्टोबर
वर्षावास संपला. उरलेलं वाचन दुसऱ्यांनी केलं, अडखळत. आबा मागे भिंतीला टेकून. त्यांचे ओठ हलत होते. मी समोर बघत बसलो, त्यांच्याकडे बघवेना.

१० जानेवारी १९९९
आईने आज सांगितलं. "तू हापिसात गेलास की त्यो दोऱ्याचा लावून पेपर वाचत्यात. तुजी गाडी वाजली की काढून ठेवत्यात."
स्वतःच्या घरात. माझी शोभा होऊ नये म्हणून.

१५ फेब्रुवारी
माझा चष्मा आठवडाभर ड्रॉवरमध्येच आहे. खिडकीवर परत "ओ पावणं". बरं वाटलं म्हणवत नाही. आबांशी बोलायचं म्हणतो, रोज राहतं.

२७ जुलै
उद्यापासून वर्षावास. कोपऱ्यावरच स्कूटर बंद केली, ढकलत आणली. खिडकीतून आवाज येत होता. आबा चष्मा लावून मोठ्यानं पेपर वाचत होते, आई भाजी निवडत ऐकत होती. किती महिन्यांनी हा आवाज. मी बाहेरच उभा. आत गेलो असतो तर थांबले असते.

२८ जुलै
सकाळी धीर केला. आबांच्या खिशातून चष्मा मीच काढला, विटलेला दोरा बदलून नवा बांधला, समोर धरला. म्हटलं, "आबा, चुकलं माझं. हाच लावून वाचा आज."
त्यांनी बोटानं नवा दोरा चाचपला.
"फोटूवाला येनार हाय का?"
"न्हाई आबा."
"आन तुजं सायेब?"
"त्यास्नी बोलवतो की. तुमची वळख सांगतो, कारखान्यात हमाल होते म्हणून."
चष्मा हातात घेतला. आता संध्याकाळचे सहा वाजलेत. सातला विहार. पांढरा सदरा घालून कॉटवर बसलेत, चष्मा मांडीवर, अजून उठले नाहीत.