दुपारची निरा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गुलबर्गा,
ता. १५ फेब्रुवारी १९५४

ती. आज्जीस,
लिंगराजचे शिरसाष्टांग शरणार्थ. वि. वि.

मी खुशाल आहे, म्हणजे दोन वेळा जेवायलोय. लॉरीमालक गुरुशांतप्पा सावकारांनी जामीन देऊन मला इथं आणलं, पण लॉरीची किल्ली काढून घेतली. लायसन पोलिसांकडं आहे.

काशप्पाकाकांचा पाय कसा आहे ते कळव. नौबादच्या वळणावर त्यांची बैलगाडी मला फार उशिरा दिसली.

आता कामाचं. २६ तारखेला बिदरला खटला उभा राहतोय. व्यंकटेश वकील म्हणतात, तोंडाला वास येत होता एवढाच पुरावा आहे. त्या पहाटे तू मला निरा मडक्यात भरून दिली होतीस, लॉरीच्या उष्णतेवर उतारा म्हणून. ती सगळी मी तुझ्यासमोर ताजीच प्यालो, एवढं कोर्टात सांग. ताज्या निरेला कायदा काही म्हणत नाही. नाहीतर तुरुंग होईल अन् लायसन जाईल. लॉरी हाकण्यावाचून मला दुसरं येतं काय?

अन् आज्जी, दिवाळीत त्या मोठ्या साहेबाच्या मेहुण्यानं दारू पिऊन जीप चंद्रम्माच्या गोठ्यात घातली, म्हैस मेली. पोलिसांनी त्याला घरी नेऊन झोपवलं. मग मलाच कामून धरायचं?

म्हाताऱ्या जिवाला त्रास देतोय. माया पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.

तुझा,
लिंगराज


जनवाडा,
ता. १९ फेब्रुवारी

चि. लिंगराज यास,
गौरम्माचा आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी पोचली. दरवेळी मास्तराकडून लिहून घेते, ही मीच लिहायलेय, तुझ्या पाटीवर शिकलेल्या अक्षरांत. असलं मास्तराला सांगायचं नसतं. अक्षराला हसलास तर पुन्हा लिहायची न्हाई.

काशप्पाचा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडलाय. बांबूच्या पट्ट्या बांधून खाटंवर पडलाय. रानात ज्वारी उभी हाय अन् पाखरं खायलीत. त्याची बायको लिंगम्मा मला बघितली की पदर पुढं वढती, बोलत न्हाई. तरी मी रोज जाते. तिच्या चुलीपुढं बसते, भाकरी थापते, उठून येते. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता निरेचं. मडकं मी दिलं, व्हय. दिवस वर यायच्या आत पी, उरली तर सांडून दे, हेबी मीच सांगितलं. तू दोन घोट घेतलास अन् मडकं इंजनापाशी ठेवून गेलास. दुपारपातुर ती फेसाळून शिंदी झाली. लॉरीतून मडकं माझ्याकडं परत आलं ते रिकामं, अन् शिंदीचा वास मारणारं. ते तुला कळलं न्हाई असं मला सांगू नको. शेजारच्या घरात ताक आंबलं तर वळखणारं नाक तुझं. कळलं, अन् तरी प्यालास.

त्या जीपवाल्याला सोडलं हे चुकलं. तुला धरलं हे चुकलं न्हाई. शाळेत गेले न्हाई तरी एवढं मला कळतंय. काशप्पाच्या पायाला जीप काय अन् लॉरी काय.

मी कोर्टात येणार. इचारलं तर मडकं माझं होतं हे सांगणार, अन् तू दुपारी प्यालास हेबी सांगणार. पटकीत तुझे आईबाप गेले तवापासून तुला वाढवलंय. तुझ्यासाठी खोटं बोलायला माझी जीभ जड न्हाई. पण मग लिंगम्माच्या चुलीपुढं कुठल्या तोंडानं बसू?

पोटभर जेव. वकिलाला नमस्कार सांग, अन् तो लई शहाणा हाय हेबी सांग. माझा राग आला तर येऊ दे, पण मला टाकू नको.

गौरम्मा


बिदर तुरुंग,
ता. २ मार्च

ती. आज्जीस,
लिंगराजचे शरणार्थ. वि. वि.

इथं चिठ्ठी आधी जमादार वाचतो, म्हणून थोडक्यात लिहितो. एक महिना तुरुंग अन् वर्षभर लायसन बंद, हे तू ऐकलंसच. तुला ठाऊक नाही ते सांगतो. तुला बोलवायचंच नाही असं वकिलांनी ठरवलं होतं. पुरावा कच्चा आहे, सुटशील म्हणाले. मीबी गप्प बसणार होतो.

पण तू ते मडकं बगलेत घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढलीस. शिपाई हसायलेले. मला वाटलं, चिठ्ठीत काही लिहिलं असलं तरी आता ही म्हातारी सगळं आपल्याच अंगावर घेणार. वकिलांनी सदरा ओढला तरी उठलो. निरा आंबल्याचं मला कळलं होतं, असं सांगून टाकलं.

मग तू मधेच उठून जज्जसाहेबांना जीपवाल्याचा खटला कधी हाय म्हणून विचारलंस. त्याची तक्रारच आलेली नाही, असं ते म्हणाले. तुला बाहेर काढतील म्हणून मी तुला बसायची खूण करत होतो.

सावकारांनी दुसरा ड्रायव्हर ठेवलाय. सुटल्यावर गावात कुणाला तोंड दाखवू? हैदराबादला जाऊन हमाली करावी म्हणतो. तू सांगशील तसं. आठवण ठेव.

लिंगराज


जनवाडा,
ता. ८ मार्च

चि. लिंगराज यास,
गौरम्माचा आशीर्वाद, अन् तुझ्या जमादारालाबी.

चंद्रम्माला घेऊन मी चौकीत गेले. फौजदार म्हणाला, इतके महिने झाल्यावर आता कशाला. मी म्हणाले, म्हैस अजून मेलेलीच हाय. तवा कुठं तक्रार लिहून घेतली. पुढं काही व्हायचं न्हाई बहुतेक. पण कागदावर हाय.

काशप्पाची ज्वारी आम्ही बायांनी काढली. माझी कंबर धरलीय, त्याची फिकीर करू नको. कडबा रानातच पडलाय. गाडी नीट करून आणली, हाकायला माणूस न्हाई.

काल लिंगम्मा पहिल्यांदा बोलली. लिंगराज कधी सुटतोय, इचारली. मी तारीख सांगितली. ती आत गेली. मग काशप्पाच खाटंवरून वरडला की त्याला गाडीवर धाड, बैलांना लायसन लागत न्हाई. अट एकच. रोज सकाळी तुझ्या तोंडाचा वास घेऊन मगच काशप्पा कासरा तुझ्या हातात देणार. तुला न इचारता मी व्हय म्हणाले.

तवा हैदराबादला जायचं न्हाई. सुटलास की सरळ त्याच्या दारात ये. मी तिथंच चुलीपुढं असते. काशप्पाला अजून उठता येत न्हाई. वास द्यायला तुलाच वाकावं लागंल. नीट वाक.

तुझी आज्जी,
गौरम्मा